मेडिकल असिस्टंटच्या परीक्षेचा अर्ज: फी भरण्याआधी काय पाहायचं

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या वहिनींचा रात्री साडेनऊला फोन आला. "अर्ज भरायला बसलेय, क्रेडिट कार्ड हातात आहे, फक्त कुठली परीक्षा निवडू तेवढं सांगा." मी म्हटलं, वहिनी, कार्ड आधी पर्समध्ये ठेवा आणि उद्या चहाला या. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण न्यू जर्सीत गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न मला कितीतरी जणींनी विचारलाय.

मी मिरजेची. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून तिथे लॅबमध्ये सात वर्षं काम केलं, मग लग्नानंतर काही वर्षांनी इकडे आले. आज एडिसनमध्ये एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मेडिकल असिस्टंट आहे. पेशंटला आत घेणं, वजन, बीपी, ईसीजी, रक्त काढणं, रिपोर्ट लावणं आणि मधल्या वेळात इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर बोलणं, असा दिवस जातो. काम मला मनापासून आवडतं. पण इथवर पोचताना एक वर्ष वाया गेलं. ते परीक्षेमुळे गेलं नाही, अर्जाबद्दलच्या अज्ञानामुळे गेलं.

सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेशन

मराठीत दोन्हीला आपण प्रमाणपत्रच म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कोर्स संपल्यावर शाळा जो कागद देते तो सर्टिफिकेट. त्याचा अर्थ इतकाच की तुम्ही तो कोर्स पुरा केलात. सर्टिफिकेशन देते ती शाळेशी संबंध नसलेली राष्ट्रीय संस्था, स्वतःची परीक्षा घेऊन, आणि ते ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करून टिकवावं लागतं. नोकरीच्या जाहिरातीत 'सर्टिफाइड' लिहिलेलं असतं तेव्हा हे दुसरं अभिप्रेत असतं.

अशा संस्था एकाहून जास्त आहेत. सगळ्यात जुनं नाव अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्सचं. १९५६ साली स्थापन झालेली ही संघटना, कार्यालय शिकागोला. तिचं सर्टिफिकेशन सीएमए, म्हणजे सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट. दुसरी एनएचए, म्हणजे नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशन, तिचं सीसीएमए (सर्टिफाइड क्लिनिकल मेडिकल असिस्टंट). तिसरी अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स, १९३९ पासूनची; तिचं आरएमए (रजिस्टर्ड मेडिकल असिस्टंट). आणखीही आहेत, पण आमच्या भागातल्या दवाखान्यांच्या जाहिरातींत मला ही तीन नावं जास्त दिसतात.

यातली कुठली 'चांगली' हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. तुम्हाला यातल्या कुठल्या परीक्षेला बसू देतील, आणि तुमच्या राज्यात व तुम्हाला हव्या असलेल्या दवाखान्यात कुठली चालते, हे दोन प्रश्न खरे. सगळ्या देशाला एकच नियम नाही. वॉशिंग्टन राज्यात २०१३ पासून मेडिकल असिस्टंटला राज्याच्या आरोग्य खात्याकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात सरसकट सर्टिफिकेशनची सक्ती नाही, पण इंजेक्शन द्यायचं तर १० तासांचं प्रशिक्षण, शिरेतून रक्त काढायचं तर आणखी १० तासांचं, असे तिथल्या मेडिकल बोर्डाचे नियम आहेत. आमच्या न्यू जर्सीत इंजेक्शन देण्याचं काम डॉक्टर ठरावीक प्रशिक्षण आणि सर्टिफिकेशन असलेल्या असिस्टंटलाच सोपवू शकतात. म्हणून अर्जाआधी आपल्या राज्याच्या बोर्डाचं संकेतस्थळ उघडा, आणि घराजवळच्या दोन-तीन दवाखान्यांच्या ऑफिस मॅनेजरना सरळ फोन करून विचारा. मी केला होता. कोणीही रागावलं नाही.

शाळा निवडता त्याच दिवशी अर्ज सुरू होतो

माझं वर्ष गेलं ते इथे. संध्याकाळचा नऊ महिन्यांचा कोर्स शोधला, घरापासून बसने जाता येईल असा. तिथल्या बाईंनी सांगितलं, "आमची शाळा ॲक्रेडिटेड आहे, नॅशनल परीक्षेला बसता येतं." दोन्ही वाक्यं खोटी नव्हती. पण शाळेला मान्यता असणं वेगळं आणि त्या शाळेतल्या मेडिकल असिस्टिंगच्या कोर्सला मान्यता असणं वेगळं. सीएमएच्या परीक्षेचा नेहमीचा रस्ता काहेप (CAAHEP) किंवा एबीएचईएस (ABHES) या दोन संस्थांनी मान्यता दिलेल्या कोर्समधून जातो. माझ्या कोर्सला दोन्ही नव्हत्या. हे मला आठव्या महिन्यात कळलं, तेही वर्गातल्या एका मुलीने अर्ज उघडून बघितला म्हणून. तोवर मी घरी सगळ्यांना सांगून बसले होते की सीएमए करतेय.

म्हणून पैसे भरण्याआधी काहेपच्या आणि एबीएचईएसच्या संकेतस्थळावर जा, राज्य निवडा, आणि यादीत त्या शाळेचं नाव मेडिकल असिस्टिंगच्या कोर्सखाली आहे का ते स्वतः पाहा. शाळेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. एकाच शाळेच्या दोन शाखा असतील तर पत्ताही जुळवा.

यादीत नसलेला कोर्स म्हणजे वाया गेलेला कोर्स, असं मात्र नाही. एनएचएची सीसीएमए परीक्षा मला त्याच कोर्सवर देता आली. बारावी किंवा तिला समकक्ष शिक्षण, आणि गेल्या पाच वर्षांत पूर्ण केलेला मेडिकल असिस्टंटचा कोर्स, हा तिथला एक रस्ता. दुसरा रस्ता अनुभवाचा: गेल्या तीन वर्षांत एक वर्ष, देखरेखीखाली केलेलं काम. हा दुसरा रस्ता वाचून मी सासऱ्यांना मिरजेच्या लॅबमधून अनुभवाचा दाखला आणायला पाठवलं होतं. बिचारे दोनदा गेले, दाखला आला, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते काम सोडून मला केव्हाच तीन वर्षांहून जास्त काळ झालाय. तुमच्या कामाच्या तारखा आधी मोजा, मगच घरच्यांना धावायला लावा.

भारतातून बीएचएमएस, बीएएमएस किंवा नर्सिंग करून आलेल्या मैत्रिणींना हे ऐकून वाईट वाटतं, ते मी जाणते. पण तिकडची पदवी इथल्या मेडिकल असिस्टंटच्या कोर्सच्या जागी आपोआप धरली जात नाही. ज्ञान उपयोगी पडतं, आणि परीक्षेत तर खूपच पडतं. अर्जातल्या चौकटीत मात्र ते बसवता येत नाही.

व्हिसाचं थोडक्यात: एच-४ वर (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो तो व्हिसा) शिकता येतं, पण नोकरीसाठी वर्क परमिट लागतं, आणि ते एच-४ वरच्या सगळ्यांना मिळत नाही. कोर्समधलं प्रात्यक्षिक बिनपगारी असलं तरी आधी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला किंवा वकिलाला विचारा.

प्रात्यक्षिकाआधीच्या लशी

अर्जात कोर्स पूर्ण झाल्याची तारीख लागते, आणि प्रात्यक्षिक झाल्याशिवाय कोर्स पुरा होत नाही. काहेपची मान्यता असलेल्या कोर्समध्ये ते किमान १६० तासांचं असतं. दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधी लशींचे पुरावे मागतात. हिपॅटायटिस बीची नेहमीची मालिका तीन डोसांची आणि सहा महिन्यांची, म्हणजे कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करायची गोष्ट. पूर्वी घेतली असेल आणि कागद सापडत नसेल तर रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी करून घ्या, ती चालते.

आता क्षयरोगाच्या तपासणीचं. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी टोचतात. दंडावरचा तो गोल व्रण आपल्या बहुतेकींच्या हातावर आहे. त्या लशीमुळे इथली त्वचेवरची टीबी चाचणी क्षयरोग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, धावपळ आणि विनाकारण घबराट. आधीच सांगा की मला बीसीजी दिलेली आहे, रक्तातून करायची टीबी चाचणी करा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हे मला कुणी सांगितलं असतं तर आमच्या घरात चार दिवस अन्न गोड लागलं असतं.

नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख

प्रत्यक्ष अर्ज पंधरा-वीस मिनिटांत भरून होतो. संस्थेच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, परीक्षा निवडायची, शाळेचं नाव आणि कोर्सच्या तारखा भरायच्या, परीक्षा कुठे द्यायची ते ठरवायचं, फी भरायची. मी भरली तेव्हा सीसीएमएची फी १५५ डॉलर होती. सीएमएची मान्यताप्राप्त कोर्सच्या विद्यार्थ्यांना आणि संघटनेच्या सभासदांना १२५, बाकीच्यांना २५०. आजचा आकडा संकेतस्थळावर पाहूनच भरा.

ही पंधरा-वीस मिनिटं सोपी, पण आपल्या लोकांची गाडी हमखास अडते ती पहिल्याच रकान्यात. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि फीसुद्धा जाऊ शकते. आता आपली नावं बघा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि तेही माहेरचं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या एकाच ओळीत आपलं नाव आणि नवऱ्याचं नाव. ड्रायव्हिंग लायसन्सवर कधी तेच जसंच्या तसं उतरलेलं, कधी मधलं नाव वेगळं काढलेलं. वहिनींच्या बाबतीत तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. त्यात इंग्रजी स्पेलिंग: गायकवाडमध्ये एक 'ए' जास्त, वैशालीच्या शेवटी 'आय' की दोन 'ई'.

माझा नियम एकच. परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार ते टेबलावर समोर ठेवा, आणि त्यावर जे छापलंय ते अक्षर न् अक्षर अर्जात उतरवा. आपल्याला घरी काय म्हणतात, बारावीच्या कागदावर काय आहे, हे त्या क्षणी विसरा. ते ओळखपत्र सरकारी, फोटो आणि सही असलेलं, आणि परीक्षेच्या तारखेला मुदत न संपलेलं हवं. व्हिसाच्या मुदतीला जोडलेलं लायसन्स असेल तर ही तारीख दोनदा पाहा. बारावीचं नाव वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा, मराठीत असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह. बारावीच्या समकक्षतेचा पुरावा मागितला तर परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचा अहवाल लागू शकतो. त्याला आठवडे जातात, म्हणून आधीच विचारून ठेवा.

आणि जन्मतारीख. इथे महिना आधी लिहितात. माझा जन्म ४ सप्टेंबरचा. मी सवयीने ०४ आधी टाकलं आणि कागदोपत्री माझा जन्म ९ एप्रिलला झाला. पुष्टीचं पत्र नीट वाचलं म्हणून सापडलं. फोन, ओळखपत्राची प्रत, दुरुस्ती, हे सगळं निस्तरेपर्यंत मला हवी असलेली तारीख निघून गेली. ज्यांची तारीख १२ च्या पुढची आहे त्यांची चूक संगणकच पकडतो. ज्यांची १२ च्या आतली आहे, त्यांनी जपा.

मधुमेह, दृष्टिदोष किंवा इतर काही आजारामुळे जास्त वेळ अथवा खास सोय हवी असेल तर ती अर्जाबरोबरच डॉक्टरांच्या कागदांसह मागायची. केंद्रावर जाऊन मागता येत नाही. इंग्रजी ही आपली दुसरी भाषा आहे, एवढ्या कारणाने मात्र जास्त वेळ मिळत नाही. सीसीएमएला १८० प्रश्न आणि तीन तास, म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट. यातले ३० प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कुठले हे कळत नाही. सीएमएला २०० प्रश्न, ४० मिनिटांच्या चार भागांत. इंग्रजी वाचनाचा वेग कमी असेल तर तारीख दोन आठवडे पुढची घ्या आणि रोज घड्याळ लावून सराव करा.

केंद्र की घर? एनएचएची परीक्षा घरूनही देता येते, कॅमेऱ्यासमोर, आधी सगळी खोली फिरवून दाखवून. परीक्षा चालू असताना खोलीत कुणी येता कामा नये. आमच्याकडे दोन खोल्या, मुलगा लहान, सासूबाई आलेल्या. मी केंद्र निवडलं आणि अर्धा तास आधी पोचले. जिला दार लावून तीन तास खरोखर मिळतात तिने खुशाल घरून द्यावी.

नापास झालात तर एनएचएकडे ३० दिवस थांबून पुन्हा बसता येतं, फी पुन्हा भरावी लागते. तीनदा नापास झालं तर वर्षभर थांबायचं. पास झालात की सीसीएमए दर दोन वर्षांनी १० शैक्षणिक क्रेडिट दाखवून नूतनीकरण करायचं असतं, सीएमए दर पाच वर्षांनी. पास झाल्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये ती तारीख टाका.

वहिनींच्या कोर्सचं नाव आम्ही चहा घेतानाच काहेपच्या यादीत शोधलं. आहे. म्हणजे त्यांना सीएमएचा रस्ता मोकळा आहे. त्यांच्या लायसन्सची मुदत मात्र परीक्षेच्या आधी संपतेय, तेव्हा येत्या शनिवारी आधी ते नवं करून आणायचं ठरलंय. कार्ड अजून पर्समध्येच आहे.