क्विझ अॅपवरून स्वयंपाक शिकताना

क्विझ अॅप स्वयंपाकातल्या तीन गोष्टी चांगल्या शिकवतं: प्रमाण, क्रम आणि कारण. वास, आवाज आणि हाताचा अंदाज शेगडीपाशीच येतो. म्हणून एका बैठकीत पन्नास प्रश्न उडवू नका. एकाच विषयाचे दहा सोडवा आणि तेवढंच त्याच दिवशी शिजवा.

प्रश्न वाचला की पर्याय तळहाताने झाका, उत्तर मोठ्याने म्हणा, मगच हात काढा. पर्याय समोर असले की बरोबर उत्तर नुसतं ओळखीचं वाटतं, आणि आपल्याला ते येतं असा समज होतो. कढई तापलेली असताना चार पर्याय कोणी देत नाही.

सुरुवात अंड्यापासून करा. उकळत्या पाण्यात तीन अंडी अलगद सोडा. एक सहाव्या मिनिटाला, दुसरं नवव्या, तिसरं बाराव्या मिनिटाला काढा आणि लगेच गार पाण्यात टाका, नाहीतर आतल्या उष्णतेने ते शिजतच राहतं. तिन्ही मधोमध कापून शेजारी शेजारी ठेवा: पहिल्यात बलक वाहता, दुसऱ्यात मऊ, तिसऱ्यात घट्ट. फ्रिजमधून काढलेल्या किंवा मोठ्या अंड्याला थोडा जास्त वेळ लागतो. प्रश्नात हे बहुधा नसतंच.

कांद्याच्या बाबतीत अॅपवरची मिनिटं सर्रास फसवतात. ‘कांदा ५ मिनिटं परता’ या उत्तराला हिरवी खूण मिळते, पण तेवढ्यात तो जेमतेम पारदर्शक होतो. दोन मध्यम कांदे, एक मोठा चमचा तेल, मध्यम आच, पसरट भांडं: सोनेरी व्हायला १० ते १५ मिनिटं धरा. लहान भांड्यात खच्चून भरलात तर कांद्याचं पाणी सुटतं, आणि ते आटेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकतं. तांबूस रंगाला साधारण १४० अंश लागतात, म्हणून कांदा परतण्याऐवजी वाफेवर शिजतो. चरचर मंदावून नुसती बुडबुड ऐकू आली, तर हेच चाललंय असं समजा.

मापांचे प्रश्न सोडवण्याआधी अॅपचा कप केवढा आहे ते पाहा: कुठे २४० मिली, कुठे २५०. छोटा चमचा ५ मिली, मोठा बहुतेक ठिकाणी १५. एक कप मैदा चमच्याने हलका भरला तर साधारण १२५ ग्रॅम होतो, डब्यात कप खुपसून दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. केक दडस होण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. वजनकाटा घ्या.

चुकलेले प्रश्न वहीत उतरवा आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने पुन्हा सोडवा. अंदाजपंचे बरोबर आलेलं उत्तरही चुकलेलंच धरा. सलग दिवसांचा आकडा वाढवायला रात्री बारा वाजता दोन सोपे प्रश्न सोडवण्यात काही अर्थ नाही.

अन्न सुरक्षित आहे की नाही हे मात्र अंदाजावर सोडू नका. चिकनच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटरने ७४ अंश दिसले पाहिजेत. ‘गुलाबी रंग गेला की शिजलं’ हा पर्याय चूक आहे. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या भातात जिवाणूंनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.