विकिपीडियावर लेख लिहा, पण उचलेगिरी न करता

मराठी विकिपीडियावर नवा माणूस लिहायला बसला की पहिला लेख बहुधा आपल्या गावावर, ग्रामदैवतावर किंवा जवळच्या किल्ल्यावर असतो. ते चांगलंच आहे. घोडं अडतं ते पुढे. मजकूर एखाद्या ब्लॉगवरून, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतून, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निनावी संदेशातून जसाच्या तसा येतो आणि लेख उडवला जातो. मग चर्चापानावर ठरलेली तक्रार : ‘अहो, मी खाली संदर्भ दिला होता!’

संदर्भ दिला म्हणजे परवानगी मिळाली, हा गैरसमज आधी डोक्यातून काढायला हवा. इथे प्रश्न दोन आहेत. शब्द कोणाचे, हा प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) म्हणजे कायद्याचा प्रश्न. श्रेय कोणाला दिलं, हा वाङ्मयचौर्याचा म्हणजे प्रामाणिकपणाचा प्रश्न. एक सुटला म्हणून दुसरा सुटत नाही. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी गॅझेटियरमधलं मालवणचं वर्णन उतरवलंत तर कायदा आड येणार नाही. त्यावरचा हक्क केव्हाच संपला. पण गॅझेटियरचं नाव न घेता ते आपलं म्हणून खपवलंत तर ती चोरीच. उलट, गेल्या महिन्यात छापून आलेला लेख लेखकाच्या नावासकट आणि तारखेसकट अख्खा चिकटवलात, तर चोरीचा आळ येणार नाही; प्रताधिकारभंग मात्र नक्की झाला.

पायरी १ : हाताशी असलेल्या मजकुराची निवड करा

माहितीवर कोणाचा प्रताधिकार नसतो. किल्ला कधी बांधला, धरण किती उंच आहे, २०११च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या किती होती, हे कुणीही सांगावं. प्रताधिकार असतो तो मांडणीवर : वाक्यांवर, प्रसंगांच्या गुंफणीवर, उपमांवर, लेखकाने स्वतः केलेल्या निवडीवर. ‘महाराष्ट्रातली पाहायलाच हवीत अशी पंचवीस ठिकाणं’ ही यादी कुणीतरी आपल्या आवडीने केलेली असते. ती उचलणं म्हणजे त्याची निवड उचलणं. निवडणुकीच्या निकालाच्या आकड्यांचं तसं नाही.

जुनं साहित्य हाताशी असेल तर लेखकाच्या मृत्यूचं साल शोधा. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ सालचा. त्यानुसार लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षं होती, १९९२ साली ती वाढवली. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११च्या १ जानेवारीपासून मुक्त आहे. सावरकर १९६६ साली गेले, म्हणजे २०२७ उजाडायला हवं. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, तिथे २०३०. पु. लं.साठी थेट २०६१. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेलं असेल तर साठ वर्षं छपाईपासून मोजायची. शिवाय विकिपीडियाचा कारभार विकिमीडिया या अमेरिकेतल्या संस्थेकडे असल्याने तिकडच्या कायद्याचाही हिशेब घातला जातो. भारतात मुक्त असलेलं एखादं पुस्तक त्यामुळे अडू शकतं.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ या गणितात आरामात बसतो. केतकर १९३७ साली वारले आणि खंड त्याआधीचे, विसाच्या दशकातले. मराठी विश्वकोशाची गोष्ट वेगळी आहे. तो अलीकडचा आहे आणि वाईच्या कार्यालयातून कित्येक लेखकांच्या हातून तयार झाला. संकेतस्थळावर फुकट वाचता येतो म्हणून तो उचलायला मोकळा होत नाही. माहितीसाठी जरूर वाचा, संदर्भ म्हणून नाव द्या, पण वाक्यं तिथेच राहू द्या.

संतसाहित्याबद्दल नेहमी विचारणा होते. तुकोबांचा अभंग तुमचा, माझा, सगळ्यांचा. त्याच अभंगाखाली आजच्या एखाद्या प्राध्यापकाने लिहिलेलं निरूपण मात्र त्या प्राध्यापकाचं.

पायरी २ : ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत गल्लत करू नका

विकिपीडियावर तुम्ही बदल जतन करता तेव्हा मजकूर सीसी बाय-एसए ४.० या परवान्याखाली देत असता. याचा अर्थ, उद्या कुणीही तो घ्यावा, बदलावा, पुस्तकात छापून विकावा. श्रेय द्यावं आणि पुढे त्याच अटींवर द्यावा, एवढंच बंधन. म्हणून ‘शैक्षणिक वापरास मोफत’ किंवा ‘अव्यावसायिक वापरास हरकत नाही’ असं लिहिलेलं साहित्य इथे चालत नाही. जो हक्क तुम्हाला मिळालाच नाही तो तुम्ही पुढे देणार कसा? सरकारी संकेतस्थळांवरही हीच अडचण येते. सरकारी म्हणजे जनतेचं, असं कायदा म्हणत नाही. सरकारी प्रकाशनावरही छपाईपासून साठ वर्षं हक्क असतो. कायद्यांचा मजकूर, न्यायालयांचे निवाडे अशा काही गोष्टींना सूट आहे, तीही तपासून घ्यावी.

लेखक ओळखीचा असेल आणि ‘घ्या हो, विचारायचं काय त्यात’ म्हणत असेल, तरी तोंडी होकार पुरत नाही. ‘विकिपीडियावर वापरायला माझी हरकत नाही’ असं लेखी दिलं तरी पुरत नाही, कारण त्यात विकिपीडियाबाहेरच्या वापराचं काही नाही. हक्कदाराने स्वतःच्या ईमेलवरून विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांना, म्हणजे व्हीआरटीला, कळवावं लागतं : अमुक मजकूर माझा आहे आणि तो मी अमुक परवान्याखाली देतो. तुमचाच लेख आधी दुसरीकडे छापून आला असेल तरी हीच वाट. तो लेख तुमचाच आहे हे तपासणाऱ्याला कळणार कसं? आणि तुम्ही वर्तमानपत्रात नोकरीला असताना लिहिलेलं असेल तर हक्क तुमच्याकडे उरलाय का, हे आधी बघा.

पायरी ३ : टिपणं काढा, उतारे नकोत

सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. लोक स्रोतातला परिच्छेद धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या आपल्या सरावाच्या पानावर) चिकटवतात आणि मग ‘आपल्या भाषेत करू’ म्हणून एकेक शब्द बदलत बसतात. असा मजकूर कधीच आपला होत नाही, कारण सांगाडा त्याचाच राहतो. त्यापेक्षा धूळपाटीवर तुटक टिपणं काढा : साल, नाव, आकडा आणि पुढे पुस्तकाचं पान. क्रियापदसुद्धा नको. ‘कुरटे बेट – मालवण – बांधकाम १६६४ ते १६६७’ एवढंच. एखादं वाक्य शब्दशः हवंच असेल तर टिपणातही त्याला अवतरणचिन्हं घाला, म्हणजे आठवड्याने ते आपलंच आहे असं वाटणार नाही.

किमान दोन-तीन स्रोत वाचा. एकाच लेखावरून लिहायला बसलात की कितीही नेटाने शब्द बदला, क्रम त्याचाच येतो : तो तटबंदीवरून मंदिराकडे गेला की तुम्हीही गेलात. तीन ठिकाणची माहिती पुढ्यात असली की क्रम तुम्हालाच लावावा लागतो.

पायरी ४ : स्रोत मिटवून लिहा

समजा, एखाद्या भटकंतीच्या लेखात असं वाक्य आहे (हे उदाहरणासाठी मी रचलेलं, पण अशी वाक्यं तुम्ही पायलीला पन्नास वाचली असतील) :

‘अरबी समुद्राच्या उसळत्या लाटा छातीवर झेलत मालवणच्या कुरटे बेटावर दिमाखात उभा असलेला सिंधुदुर्ग म्हणजे शिवछत्रपतींच्या दूरदृष्टीचं जिवंत स्मारकच.’

नवखा संपादक त्याचं हे करतो :

‘अरबी सागराच्या खवळलेल्या लाटा अंगावर घेत मालवणच्या कुरटे बेटावर डौलाने उभा असणारा सिंधुदुर्ग हे शिवरायांच्या दूरदर्शीपणाचं जिवंत प्रतीक आहे.’

समुद्राचा सागर झाला, दिमाखाचा डौल झाला; वाक्य होतं तिथेच आहे. उतारे ताडून बघणाऱ्या यंत्राच्या हातून हे कदाचित निसटेल, जाणत्या संपादकाच्या नजरेतून निसटत नाही. आता टिपणावरून लिहिलेलं पाहा :

‘सिंधुदुर्ग हा मालवणजवळच्या कुरटे बेटावरील जलदुर्ग आहे. शिवाजी महाराजांच्या आदेशाने त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले आणि १६६७ साली पूर्ण झाले.’

रुक्ष वाटतं? वाटू दे. विश्वकोशाला हीच भाषा लागते आणि त्यात एक फायदा आहे. लाटा, छाती, दिमाख, दूरदृष्टी हा सगळा मूळ लेखकाचा ऐवज होता. तो गळला की उरते ती निव्वळ माहिती, आणि तिच्यावर कोणाचा हक्क नाही. अशी वाक्यं वेगवेगळ्या लोकांच्या हातून बरीचशी सारखी उतरली तरी बिघडत नाही. साल आणि ठिकाण सांगायच्या रीती असून असून असणार किती?

मतं आणि दावे मात्र ज्याचे त्याच्या नावावर टाका. किल्ल्याच्या पायात किती शिसं ओतलं याचे आकडे इंटरनेटवर हवे तेवढे सापडतात, आणि ते एकमेकांकडूनच घेतलेले असतात. तो आकडा द्यायचा तर कोणत्या बखरीत किंवा ग्रंथात आहे ते पान गाठून द्या. नाही सापडलं तर सोडून द्या.

पायरी ५ : संदर्भ वाक्यागणिक, लेखाच्या शेवटी गठ्ठा नको

ज्या विधानाला जो आधार, तो तिथल्या तिथे जोडा. पुस्तक असेल तर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान. मुक्त साहित्यातून शब्दशः घेतलं असेल तर साधा संदर्भ पुरत नाही. ‘हा मजकूर अमुक ग्रंथातून घेतला आहे’ असं लेखात स्पष्ट लिहा. ज्ञानकोशातून उतरवताना आणखी एक भान ठेवावं लागतं : शंभर वर्षांपूर्वीची आकडेवारी आणि जातिधर्मांबद्दलची तेव्हाची विधानं आजची म्हणून लेखात शिरतात. माझं मत विचाराल तर कायद्याने चालत असलं तरी तो मजकूर नव्याने लिहावा.

पायरी ६ : भाषांतर करताना

इंग्रजी वर्तमानपत्रातली बातमी मराठीत केली की ती आपली झाली, असं बरेच जण धरून चालतात. भाषांतराचा हक्कही मूळ हक्कदाराचाच असतो. गूगलने केलं, एआयने केलं, तुम्ही रात्र जागून केलं, फरक पडत नाही.

इंग्रजी किंवा हिंदी विकिपीडियावरचा लेख भाषांतरायला मात्र मोकळीक आहे. फक्त तिथेही लिहिणारी माणसं आहेत आणि त्यांचं श्रेय परवान्याची अट म्हणून द्यावं लागतं. जतन करताना सारांशाच्या चौकटीत ‘इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखाचे भाषांतर’ असं दुव्यासह लिहा. कंटेंट ट्रान्सलेशन नावाचं साधन वापरलंत तर ही नोंद आपोआप पडते. मराठी विकिपीडियाच्याच एका लेखातून दुसऱ्यात मजकूर हलवतानाही हेच करायचं. हे फारसं कुणी करत नाही.

पायरी ७ : चित्रं

‘छायाचित्र सौजन्य : गूगल’ ही ओळ लिहिणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की गूगलने तो फोटो काढलेला नाही. कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यावर, स्वतः काढलेला फोटो चढवावा, हा सर्वांत सोपा मार्ग. पुस्तकांची मुखपृष्ठं, चित्रपटांची पोस्टर, फेसबुकवरचे फोटो तिथे चालत नाहीत. केवळ अव्यावसायिक वापराची मुभा देणारे परवानेही नाहीत.

फोटो तुमचा असला तरी फोटोत काय आहे तेही बघावं लागतं. चौकातला पुतळा किंवा इमारत यांचा फोटो काढून छापायला भारतीय कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मुभा आहे, पण पुतळा सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असायला हवा. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ही सवलत नाही. गणेशोत्सवातला मंडळाचा देखावा दहा दिवसांनी उतरतो, म्हणजे तोही या सवलतीत बसत नाही. मूर्तिकाराला आणि कलाकाराला विचारा. प्रदर्शनातल्या चित्राचा तुम्ही काढलेला फोटो ही त्या चित्राची नक्कल ठरते.

पायरी ८ : जतन करण्याआधी पडताळा

आपल्या लेखातली आठ-दहा शब्दांची तीन-चार वाक्यं अवतरणचिन्हांत घालून शोधा. विशेषतः जी वाक्यं तुम्हाला फार झकास जमलीत असं वाटतं ती. बहुधा ती कुठेतरी वाचलेली असतात. काही सापडलं नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. मराठीतला बराच जुना मजकूर स्कॅन केलेल्या पानांत किंवा युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकलेला आहे आणि तो शोधात येत नाही. कधी उलटही होतं : तुमचंच वाक्य दुसऱ्या संकेतस्थळावर दिसतं, कारण त्यांनी ते विकिपीडियावरून उचललेलं असतं. अशा वेळी लेखाचा इतिहास उघडा, कोणाची तारीख आधीची ते पाहा आणि चर्चापानावर नोंद करून ठेवा.

तुमच्या सदस्य चर्चापानावर प्रचालकाचा (जादा अधिकार असलेल्या सदस्याचा) प्रताधिकारभंगाचा संदेश आलाच, तर उडवलेला मजकूर पुन्हा चिकटवू नका; एवढ्यावरून खाती गोठतात. मजकूर नुसता खोडूनही भागत नाही, कारण जुन्या आवृत्त्या इतिहासात दिसत राहतात आणि त्या लपवणं प्रचालकाच्याच हाती असतं. कोणता परिच्छेद कुठून घेतला ते सरळ सांगा. इतर लेखांतही असंच केलं असेल तर त्यांची यादी स्वतःहून द्या, शंका असलेलेही त्यात घाला. नवा मसुदा धूळपाटीवर लिहा आणि चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) कुणाला तरी नजर टाकायला सांगा.