दिवाळी अंकाच्या टीममध्ये काय फिक्स करायचं आणि काय मोकळं सोडायचं

दिवाळी अंक काढणाऱ्या टीममध्ये दर वर्षी तेच भांडण, संपादकाला तारखा पाळायच्यात, लेखक-चित्रकाराला मोकळीक हवीय, आणि खरं सांगायचं तर दोघंही बरोबर असतात. माझा हिशोब साधा आहे, ज्या गोष्टीवरून प्रेसमध्ये काम अडतं ती आधीच पक्की करून टाका, बाकीच्यात लुडबुड करू नका.

पहिली गोष्ट तारीख. लक्ष्मीपूजन 2025ला 21 ऑक्टोबरला होतं, 2026ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे 8 नोव्हेंबरला, त्यामुळे गेल्या वर्षीचं शेड्यूल कॉपी-पेस्ट करून चालत नाही. दिवाळीपासून उलटं मोजत या, अंक स्टॉलवर कधी, बाइंडिंग कधी, छपाई कधी, शेवटचं प्रूफ कधी. लेखकाला यातली एकच तारीख सांगा आणि ती खरी सांगा. "पंधरा दिवस आधीची सांगू, तसंही उशीरच करतात" हा खेळ एकदा लोकांच्या लक्षात आला की मग तुमची कुठलीच तारीख कोणी मनावर घेत नाही.

मग पानं. बहुतेक ठिकाणी 16 पानांचा एक फॉर्म (म्हणजे एकत्र छापून घडी घालायचा पानांचा गठ्ठा) धरतात, 12 फॉर्म म्हणजे 192 पानं, आणि कथा तीन पानं वाढली म्हणून अंक 195 पानांचा होत नाही, फार तर अर्धा फॉर्म वाढवाल आणि मग उरलेली पाच पानं कशाने भरायची ते शोधत बसाल. इथे लगेच कथेला कात्री लावतात, ते मला पटत नाही. डमी, म्हणजे कुठल्या पानावर काय येणार त्याचा कच्चा आराखडा, लावतानाच चार-पाच पानं हलती ठेवा, म्हणजे व्यंगचित्रं, आपल्याच प्रकाशनाच्या जाहिराती वगैरे, गरज पडली की ती काढायची. कवितांची पानं मात्र हलती ठेवू नका, दर वेळी कवीच का मरावा!

मजकूर युनिकोडमध्येच मागवा, यावर चर्चा नको. जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट करताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात आणि मुद्रितशोधकाचा सगळा वेळ त्यातच जातो.

चित्रकाराच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, म्हणजे साईज सांगायची राहते आणि "विहिरीकाठी बाई दाखवा" एवढं मात्र आवर्जून सांगितलं जातं. त्याला अख्खी कथा वाचायला द्या, साईज, रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट आणि रफ स्केचची तारीख एवढंच कळवा. जे काही बोलायचं ते रफ बघून बोला, फायनल आल्यावर "जरा वेगळं काहीतरी" म्हणणाऱ्याला ग्रुपमधून काढलं तरी चालेल.

मुखपृष्ठाचा निर्णय एकाच माणसाकडे ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान अजिबात नको. चित्रकाराला ते लवकर सुरू करू द्या, फक्त कण्याची (अंकाच्या बांधणीकडच्या कडेची) रुंदी पानं आणि कागद ठरल्यावरच पक्की होते, म्हणून ती फाईल सगळ्यात शेवटी प्रेसला पाठवा.