कंबर मोजताना या चुका टाळा

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या घोळक्यात एक मैत्रीण आहे. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ५४ किलो. "माझं वजन अगदी बरोबर आहे," असं ती निर्धास्तपणे सांगायची. परवा तिच्याकडे चहाला बसलो असताना शिवणाच्या डब्यातली टेप काढली. कंबर भरली ८६ सेंटीमीटर.

भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेघ. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. वजनकाट्याला चरबी कुठे साठलीय ते कळत नाही. मांड्यांवरची चरबी तेवढी घातक नसते. पोटात, यकृत-आतड्यांभोवती साठलेली मात्र साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) आणि बीपी वाढवते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब करते. म्हणून फक्त वजनावर विसंबणं ही पहिली चूक.

दुसरी चूक जवळजवळ सगळ्याच करतात: टेप नाडीच्या जागी लावतात. परकराच्या नाडीनं वर्षानुवर्षं पडलेल्या खाचेत टेप बसली की आकडा कमी भरतो. तिनंही आधी तिथेच लावली होती, आले ७९! कुशीत बोटानं चाचपा. सगळ्यात खालची बरगडी लागेल, मग खाली कमरेचं हाड. दोन्हींच्या बरोबर मध्ये, उघड्या त्वचेवर, टेप जमिनीला समांतर धरा. श्वास सहज सोडा आणि तेव्हाच आकडा वाचा. पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. कापडी टेप जुनी असेल तर ताणलेली असते, पट्टीवर पडताळून घ्या.

"बाळंतपणानंतर पोट सुटायचंच," हे वाक्य मला फार खुपतं. असं म्हणून सोडून देऊ नका. पुढे पाळी जायच्या सुमारास तर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि चरबी पोटाकडे सरकते, म्हणजे नेमकं तेव्हाच जास्त लक्ष द्यायला हवं.

नुसते पोटाचे व्यायाम करून पोट उतरत नाही. आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल अशी भरभर चाल हवी. गप्पा मारत रेंगाळलेल्या फेऱ्या यात धरू नका.

आकडा जास्त आला तर घाबरून डाएट सुरू करण्याआधी बीपी, साखर आणि लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासून घ्या. आणि चालताना नेहमीपेक्षा जास्त दम, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, अकारण थकवा यांना "ॲसिडिटी असेल" म्हणून गोळी घेऊन बसू नका. बायकांचा हार्ट अटॅक असाही येतो. अचानक असं झालं तर लगेच १०८ ला फोन करा.

मैत्रीण शनिवारी उपाशीपोटी रक्त तपासायला द्यायला जाणार आहे. सोबत मीही जातेय, माझी कंबर ८२ आहे.