लहान शेती, शिकणारी पोरं आणि घरचा हिशोब (इंदूरकडच्यांसाठी)

देपालपूर-सांवेरकडे चार-पाच बिघे जमीन असली की सगळे म्हणतात पोरांना शिकवायचं तर शहरात खोली घ्या, पण माझं मत, घाई करू नका. आधी फीचं गणित पिकाशी जुळवा. इकडे शाळेचं सेशन एप्रिलमध्ये सुरू होतं आणि गहू मार्चमध्ये निघतो, म्हणून गव्हाचे पैसे हातात आले की फी, पुस्तकं, ड्रेसचं आधी बाजूला काढायचं, मग बाकी उधारी. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबरच्या आसपास येतो, त्यातून रबीचं बियाणं आणि खत. एक-दोन गाई ठेवल्या तर दुधावर रोजचा किराणा निघतो.

पोरगं गावच्या शाळेत असेल तर पाचवीत नवोदयचा (केंद्र सरकारची निवासी शाळा) फॉर्म भराच, सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच, आणि ७५ टक्के जागा गावातल्या मुलांसाठी असतात. तिसरी ते पाचवी मात्र गावातच शिकलेलं हवं, मधेच शहरात नेलंत की तो कोटा गेला!

घरी अभ्यास म्हणाल तर इंदूरच्या चोइथराम मंडीतली लसणाची पावती पोरीच्या हातात द्या, वजन गुणिले भाव, त्यातून हम्माली, गाडीभाडं वजा, मग खाली उरलेली रक्कम मराठीत लिहायला लावा, कारण शाळेत हिंदीच चालते. औषध फवारणीला मात्र पोरांना अजिबात नेऊ नका, रिकामे डबेसुद्धा हाताळू देऊ नका.