संदर्भसूचीची सॉफ्टवेअरं पारखायला बसण्याआधी

सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी संदर्भ लिहायची शैली पक्की करा. नुसतं ‘एपीए’ (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैली) म्हणून भागत नाही. एपीएची सातवी आवृत्ती 2019 साली आली आणि तिने सहावीतल्या बऱ्याच सवयी मोडीत काढल्या. प्रकाशनस्थळ गेलं, मजकुरात तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्या उल्लेखापासूनच ‘एट ऑल’ (म्हणजे ‘आणि इतर’) आलं, आणि सूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची झाली. शिकागो ही दुसरी शैली वापरणाऱ्यांनीही 17वी आवृत्ती की 2024ची 18वी हे आधीच विचारून घ्यावं. विद्यापीठाचं किंवा नियतकालिकाचं पत्रक मिळवा आणि छापून जवळ ठेवा. अशा पत्रकांत नियम थोडे आणि नमुने फार असतात, आणि नमुन्यांचं एकमेकांशी पटत नाही. जिथे पटत नाही तिथे गाइडना विचारून समासात पेन्सिलीने निर्णय लिहा. पुढची सगळी परीक्षा त्या समासावर चालणार आहे.

मग उमेदवार ठरवा: झोटेरो, मेंडेली, एंडनोट, आणि लाटेक्समध्ये (वर्डऐवजी आज्ञा लिहून मजकूर मांडायची प्रणाली) लिहीत असाल तर बिबटेक. इथे एक गोष्ट समजून घेतली नाही तर अख्खा रविवार वाया जातो. झोटेरो आणि मेंडेली दोन्ही सीएसएल नावाच्या एकाच शैली-भाषेवर चालतात. त्यामुळे ‘दोघांपैकी एपीए कुणाचं चांगलं’ या वादात बहुतेक वेळा एकच शैली-फाइल स्वतःशीच भांडत असते. उत्तरं वेगळी आली तर आधी दोन्हीकडच्या फाइल एकाच तारखेच्या आहेत का ते पाहा. सीएसएल फाइल नोटपॅडमध्ये उघडते आणि तिच्या सुरुवातीच्या ओळींतच शेवटच्या बदलाची तारीख असते. ती वहीत टिपा. एंडनोटचा कारभार वेगळा, त्याच्या शैली-फाइल त्याच्या स्वतःच्या. बिबटेक 1985चं, तेही स्वतःच्याच शैली-फाइलींवर चालतं. खरी तुलना या तीन घराण्यांची आहे.

आता मुख्य काम, म्हणजे परीक्षेच्या नोंदी. दहा-बारा पुरतात, पण खोडसाळ हव्यात. एक लेखक, एक शीर्षक, एक डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) असलेला सरळ लेख सगळेच नीट छापतात. त्यातून काहीच कळत नाही. आपल्याकडे खोडसाळ नोंदींचा दुष्काळ नाही.

सिडको घ्या. नावाचा इंग्रजी विस्तार ‘सिटी अँड इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’. नाव-आडनावाच्या दोन रकान्यांत ते टाकलंत तर ‘कॉर्पोरेशन’ हे आडनाव होतं आणि उरलेल्याची आद्याक्षरं पडतात. बिबटेकमध्ये त्याहून मजा. तिथे लेखकांच्या रकान्यातला ‘अँड’ म्हणजे दोन लेखकांमधली भिंत, म्हणून सिडकोचे दोन लेखक होतात: एक ‘सिटी’ आणि दुसरे श्रीयुत ‘कॉर्पोरेशन, आय. डी.’. गंमत म्हणजे बिबटेकच्या ‘प्लेन’ शैलीत हे तुकडे परत जोडले जाऊन योगायोगाने बरोबर दिसतात. त्याचीच ‘एपीएलाइक’ शैली लावली की पितळ उघडं पडतं. म्हणून एकाच शैलीवर निकाल देऊ नका. औषध तिन्हीकडे आहे: झोटेरोत नावाचा एकच रकाना करायचा, एंडनोटमध्ये संस्थेच्या नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्यायचा, बिबटेकमध्ये नावाला दुहेरी महिरपी कंस घालायचे. सिडको दोन्ही प्रकारे भरा, औषधासह आणि औषधाविना, म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा की नोंदीचा ते कळेल.

दुसरी नोंद प्रबंधाची. आपल्याकडे मुखपृष्ठावर आडनाव, स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं नाव, असा क्रम पुष्कळदा असतो आणि मध्ये स्वल्पविराम नसतो. ते तसंच उचललं तर सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं आणि सूचीत वडील लेखक होतात. जुना प्रबंध निवडा, 1996च्या आधीचा. तेव्हा मुंबई विद्यापीठाचं इंग्रजी नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ होतं, ते तसंच राहू द्या, आणि ‘सुधारण्याचा’ मोह आवरा.

पाटील तर हवेतच, निदान दोन. एपीएमध्ये आडनाव सारखं असलेले दोन वेगळे पहिले लेखक आले की मजकुरात आद्याक्षरं लावावी लागतात, ते होतं का ते पाहा. शिवाय एकच पाटीलबाई एका नोंदीत मधल्या आद्याक्षरासह आणि दुसरीत त्याविना भरा. सॉफ्टवेअर त्यांना दोन बाया समजेल आणि सगळीकडे विनाकारण आद्याक्षरं डकवेल. प्रबंधांत हा घोटाळा सर्रास दिसतो आणि शिव्या मात्र सॉफ्टवेअरला बसतात. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेखही असू द्या.

शीर्षकांतल्या मोठ्या अक्षरांसाठी ठाणे खाडीवरचा एखादा इंग्रजी लेख घ्या. 2022 साली खाडी रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आल्यापासून अशा लेखांना तोटा नाही. बिबटेकची ‘प्लेन’ शैली लेखाच्या शीर्षकात पहिलं अक्षर सोडून बाकी सगळी लहान करते, त्यात ठाण्याचा ‘टी’ही जातो, कंसात घातला तरच वाचतो. झोटेरोत उलटं. एपीएला वाक्यासारखं शीर्षक लागतं, पण तुम्ही प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने भरला असेल तर तो तसाच छापला जातो. म्हणून शीर्षकं आधीच वाक्यासारखी भरून ठेवायची. एंडनोटमध्ये शैलीतच ‘आहे तसं ठेवा’ किंवा ‘वाक्यासारखं करा’ असा पर्याय असतो. कोणता निवडलाय ते टिपा.

जुन्या दस्तऐवजासाठी 1882चं ठाणे गॅझेटिअर. नावात ‘थाना’, खंड 13 दोन भागांत, वर आणखी खंड 14, संपादक कॅम्पबेल. ‘भाग’ कुठल्या रकान्यात जातो आणि कागदावर उमटतो का, एवढंच तपासा.

देवनागरीतलं एक पुस्तक हवंच, त्याशिवाय आपल्या उपयोगाचं काही हाती लागणार नाही. ‘वि’ म्हणजे युनिकोडमध्ये ‘व’ आणि वेलांटी अशी दोन चिन्हं, तेव्हा आद्याक्षर पाडताना वेलांटी टिकते का ते पाहा. चार लेखकांचं मराठी पुस्तक असेल तर मजकुरातल्या उल्लेखात ‘आणि इतर’ येतं की रोमन लिपीतलं ‘एट ऑल’ घुसतं, आणि इंग्रजी-मराठी नोंदी एकत्र असताना सूचीचा क्रम कसा लागतो, हेही बघा. गाइडना दोन वेगळ्या याद्या चालतील का, हे मात्र आधीच विचारून ठेवा.

एकवीस लेखकांचा एक शास्त्रीय लेख टाका आणि नोंदी संपवा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण ते टाळतात: पत्रक समोर ठेवून प्रत्येक नोंद हाताने लिहायची, स्वल्पविराम आणि इटॅलिकसह. ही उत्तरपत्रिका सॉफ्टवेअर उघडण्याआधीच तयार हवी. छापील सूची एकदा समोर आली की डोळ्यांना तीच बरोबर वाटू लागते. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळी लिहा. एकाने ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला यायला हरकत नाही, हे फोनवर उरकत नाही.

नोंदी भरताना दोन फेऱ्या ठेवा. पहिल्या फेरीत प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरा. दुसऱ्या फेरीत एकातून आरआयएस फाइल (नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची) काढून बाकीच्यांत ओढा, बिबटेकसाठी मात्र बिब फाइल काढा. दुसरीतच काही बिघडलं तर दोष मांडणीचा नाही, वाटेत काहीतरी सांडलंय.

बिबटेक सोडून प्रत्येकासाठी वर्डमध्ये वेगळी फाइल करा, मजकूर शब्दशः तोच ठेवा आणि एकाच फाइलीत दोन प्लगइन चालवू नका. सूच्या तयार झाल्या की प्रती काढून त्यांतले सॉफ्टवेअरशी जोडलेले दुवे तोडा. झोटेरोत त्यासाठी ‘अनलिंक सायटेशन्स’ आहे, एंडनोटमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्लेन टेक्स्ट’. मग वर्डच्या ‘कंपेअर’ने प्रत्येक प्रत उत्तरपत्रिकेशी ताडा. फरकांपुढे तीनच खुणा करा: नोंद चुकली, शैली-फाइल चुकली, सॉफ्टवेअर चुकलं. दुवे असलेल्या मूळ फाइल पुसू नका. गाइडनी समासातला एखादा निर्णय बदलला की त्याच परत उघडायच्या आहेत.