वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तयारी करताय? या चुका टाळा

ऑपरेशनला तीन आठवडे असताना डायटिशियनने कफ सिरपच्या बाटलीवर असतं तसं मापाचं एक टोपण माझ्यासमोर ठेवलं. त्यात ३० मिली पाणी ओतलं आणि म्हणाली, "हे १५ मिनिटांत प्या." मी एका घोटात संपवलं. तिने घड्याळ बघितलं. "दोन सेकंद. ऑपरेशननंतर पाणी असंच घोट घोट प्यायचं असतं. आता उरलेल्या वेळात काय करणार ते सांगा."

मला राग आला होता. आता वाटतं, त्या वर्षभरात मला विचारलेल्या प्रश्नांपैकी सगळ्यात कामाचा तोच होता. आपण तयारी करतो ती ऑपरेशनच्या दिवसाची: रजा, पैसे, रिपोर्टची फाईल. त्या दिवशी तर आपल्याला भूल दिलेली असते, काम सर्जन करतो. आपलं काम त्या उरलेल्या मिनिटांत असतं, आणि त्याची तयारी बहुतेक जण करत नाहीत. मीही अर्धीमुर्धीच केली होती.

"शेवटचं एकदा" म्हणून खाणं

तारीख ठरली की निरोपसमारंभ सुरू होतो. आज हे शेवटचं, उद्या ते शेवटचं. मी चार दिवस हेच केलं. पाचव्या दिवशी सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा थांबले. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. वजन जास्त असलेल्या बहुतेकांचं यकृत चरबीने सुजून मोठं झालेलं असतं. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना ते उचलून धरल्याशिवाय जठर दिसतच नाही. म्हणून आधीचे दोन ते चार आठवडे कमी कॅलरीचा आणि कमी पिठूळ-गोड आहार देतात. त्याने यकृतातली साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी उतरतं, मग चरबीही कमी होते आणि ते लहान, मऊ होतं. यकृत फारच मोठं निघालं तर पोट उघडून ऑपरेशन करावं लागू शकतं, किंवा ते अर्ध्यावर थांबवावंही लागतं. म्हणजे हा आहार काही तुमच्या निश्चयाची परीक्षा बघायला दिलेला नसतो. सर्जनला हात घालायला जागा हवी असते.

पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, घरातल्या कुणाचं चमच्याने ताटलीवर खुडबुडणंही सहन होत नाही. मग बरंच सुसह्य होतं. त्या दिवसांत महत्त्वाचं काही काम ठेवू नका, एवढंच.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र आहार सुरू करण्याच्या आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. खाणं कमी आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच, डोस बदलावा लागू शकतो. इथे स्वतःचं डोकं चालवू नका.

तपासण्यांना परीक्षा समजणं

ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट असते. तिथे लोक पाठ केलेली उत्तरं देतात. रात्री उठून खाता का? नाही. दारू? कधीतरी. उदास वाटतं? छे. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार. या भेटीतून कुणाला कायमचं नापास करण्याचा हेतू क्वचितच असतो. आधी कशाची मदत लागेल आणि ऑपरेशन कधी करावं, हे त्यांना ठरवायचं असतं.

लपवलेल्या प्रत्येक गोष्टीचं बिल नंतर येतं. भराभर, आवरता न येणारं खाणं आधी सांगितलं नाही तर ते लहान झालेल्या पोटातही वाट काढतं, थोडं थोडं दिवसभर चरण्याच्या रूपात. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर ऑपरेशननंतर त्यांचं शोषण बदलू शकतं, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचं. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते गोळीचा प्रकार किंवा डोस बदलतात. दारूचं तर आणखी वेगळं आहे. बायपासनंतर, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात त्या प्रकारानंतर, ती रक्तात पटकन आणि जास्त चढते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे सगळं सुरळीत झालं असं वाटू लागतं, नेमकं तेव्हा.

सिगारेट किंवा कुठलाही तंबाखू साधारण सहा आठवडे आधी बंद करायला सांगतात. जखम भरायला वेळ लागणं, फुप्फुसांचा त्रास, रक्ताच्या गुठळ्या आणि बायपासमध्ये जोडलेल्या जागी अल्सर, हे सगळे धोके त्याने वाढतात.

"थोडी ॲसिडिटी आहे" हे वाक्यही गिळू नका. जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास स्लीव्हनंतर, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकतात त्या प्रकारानंतर, वाढू शकतो. त्यामुळे असा त्रास जुना असेल तर बायपास बरा, असं अनेक सर्जन सुचवतात. तुमच्या एका वाक्यावर ऑपरेशनचा प्रकार बदलू शकतो. घोरण्याचंही सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला तर आधीपासून सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) वापरायला लावतात आणि भूलतज्ज्ञही त्याप्रमाणे तयारी ठेवतो.

भूक एकच असते असं धरून चालणं

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त करून तयार होतं तो भागही त्यातच जातो. त्यामुळे पहिले काही महिने पोट खरंच मागत नाही. मी ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, सुटले बुवा.

पण कंटाळा कापून टाकता येत नाही.

तयारीच्या काळात डायटिशियनने मला दोन आठवडे वही ठेवायला लावली. काय खाल्लं यापेक्षा, खायच्या आधीच्या पाच मिनिटांत काय झालं ते लिहायचं. एक नोंद अजून आठवते: "मंगळवार, रात्री पावणेअकरा. बिस्किटं, उभ्याउभ्या. आधी: ऑफिसचा फोन." दुसरी: "रविवार दुपार. आधी: काहीच नाही." पोटात खरोखर भूक होती अशा नोंदी निम्म्याही नव्हत्या. ती वही वाचताना मला लाज वाटण्यापेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटलं. इतकी वर्षं ज्याला मी हावरटपणा म्हणत होते, त्याला ठरलेल्या वेळा होत्या.

वेळ कळली की त्या वेळेला दुसरं काम लावता येतं. सगळे सांगतात, चालायला जा. रात्री पावणेअकराला कुठे चालणार? मला उपयोगी पडली इस्त्री. दोन्ही हात गुंततात, डोकं लागत नाही आणि शेवटी घडी घातलेला ढीग दिसतो. तुमचं काम वेगळं असेल. अट एकच: ते हातांचं हवं आणि ऑपरेशनच्या आधी महिनाभर तरी सुरू झालेलं हवं. पोट दुखत असताना नवा छंद कुणालाही लागत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांना रडू येतं. "हे मी काय करून बसले" हा विचार मलाही आला, पाण्यासारख्या सूपच्या वाटीसमोर. अन्न ही सोबत होती, ती गेल्याचं दुःख होणारच. त्या दिवसासाठी आधीच एक कागद लिहून ठेवा, पण त्यावर "बारीक व्हायचंय" लिहू नका. माझ्या कागदावर होतं: बुटाची लेस बांधताना श्वास लागतो. आणि खाली: विमानातला पट्टा. उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही किंवा जगणं नको असे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या ऑपरेशननंतर स्वतःला इजा करून घेण्याचा धोका काही जणांत वाढतो, हे दिसून आलेलं आहे.

आकड्याचा हिशोब न करणं

पी हळद आणि हो गोरी, असं इथे होत नाही. स्लीव्ह किंवा बायपासनंतर साधारण वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के घट होते आणि नंतर त्यातलं थोडं परत येतं. १२० किलोच्या माणसाचं वजन ८४ ते ९० च्या आसपास स्थिरावणं म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं. मनात ६० चा आकडा धरून बसलात तर याच यशाला अपयश म्हणत बसाल. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काटा अडतो, तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, पुढे कातडी लोंबते. केस बहुतेकदा परत येतात. कातडी आपोआप पूर्ववत होईलच असं नाही.

तहान लागल्यावर विहीर खणणं

घोट घोट पाणी पिणं, घास बारीक होईपर्यंत चावणं, जेवताना पाणी न पिणं आणि जेवणानंतर पाण्यासाठी अर्धा तास थांबणं, हे सगळं महिनाभर आधी सुरू करा. शेवटचं सगळ्यात अवघड आहे. माझा हात आठवडाभर ग्लासकडे जात होता, शेवटी ग्लास टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवला.

प्रोटीन पावडरचे मोठे डबे घेऊन ठेवू नका. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन लागतं म्हणून मी हुशारीने दोन डबे आणले होते. ऑपरेशननंतर चव आणि वास दोन्ही बदलले आणि तो व्हॅनिलाचा वास आला तरी मळमळायचं. लहान पाकिटं घ्या, दोन-तीन वेगळ्या चवींची.

व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर लागतं, म्हणून मोबाईलचे अलार्म आत्ताच लावून बघा. घरातल्या औषधांच्या डब्यातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या बाजूला काढा. बायपासनंतर त्यांनी अल्सर होऊ शकतो. डोकं दुखलं तर काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, कारण काही आठवडे जड उचलायचं नसतं. घरी परतताना गाडीत पोटाशी धरायला एक उशी असू द्या.

घरच्यांना अर्धंच सांगणं

साऱ्या जगाला सांगायची गरज नाही. "सोपा मार्ग निवडलास" म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर दुसरा आजार नसतानाही हे ऑपरेशन सुचवतात. हा उपचार आहे.

पण जवळच्या एका माणसाला सगळं माहीत हवं. शांत बसलेलं असतानाही नाडी जोरात, ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात कळ, एका पायाची पोटरी सुजणं, पाण्याचा घोटही न टिकणारी उलटी: यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. "गॅस असेल, सकाळी बघू" हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही, असं आमच्याकडे ठरलं होतं.

जोडीदाराशी बोलणं टाळू नका. स्वीडनमधल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑपरेशननंतर नाती तुटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि एकट्या असलेल्यांमध्ये नवी नाती जुळण्याचंही. ज्यांचं एकत्र असणं म्हणजे एकत्र खाणं असतं, त्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागतं. गर्भधारणा १२ ते १८ महिने टाळायला सांगतात. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस जाण्याची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

तरी काही बिघडलंच तर

आहार एक दिवस मोडला तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नका. पुन्हा सुरू करा आणि डायटिशियनला खरं सांगा. सर्दी, ताप, खोकला आला तर ॲडमिट व्हायच्या दिवसापर्यंत लपवू नका, फोन करा. तारीख पुढे गेली तर मन खट्टू होतं, माझीही एकदा गेली होती. त्या दोन आठवड्यांत वही चालू ठेवली एवढंच बरं केलं.

भूलतज्ज्ञाला सगळ्या औषधांची यादी द्या, वजन किंवा साखरेसाठी आठवड्याला घेतात त्या इंजेक्शनसकट. त्या इंजेक्शनांनी जठर उशिरा रिकामं होतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या निदान तीन दिवस आधी थांबवतात, पण कधी ते त्यांनाच विचारा. आदल्या रात्री किती वाजेपर्यंत खायचं आणि किती वाजेपर्यंत पाणी प्यायचं, या दोन वेळा वेगवेगळ्या असतात. दोन्ही लिहून घ्या आणि कागद फ्रिजच्या दारावर लावा.